उत्तर आले नाही, म्हणजे तिथे कोणीच नाही?

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीतील ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा प्रक्रियक पंतप्रधानांच्या हाती देण्यात आला, ही बातमी आपण सर्वांनी वाचली असेल. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने त्याची रचना केली आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तो १८० नॅनोमीटर तंत्राने घडला. डिसेंबर २०२४ मधील पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत त्याची अंतराळात परीक्षाही झाली होती. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रक्रियकही याच वाटेवरचे सहप्रवासी आहेत.

या बातम्यांनी आनंद होतोच. परंतु ज्याने आयुष्याची पंधरा वर्षे या प्रक्रियकांच्या पायाशी बसून ड्रायव्हर लिहिण्यात घालवली, त्याच्या मनात अशा वेळी आणखी एक विचार येतो. प्रक्रियक म्हणजे मेंदू. त्या मेंदूला हात, डोळे आणि आठवण जोडून देणारे काम मात्र कोणत्याही समारंभात दिसत नाही. ते काम चुकले तर काय होते, हे मी तमिळनाडूतील ओरत्तनाडु या गावी शिकलो. चूक माझीच होती, म्हणून ती सांगण्यास संकोच नाही.

आधी थोडे प्रास्ताविक. संगणकाच्या दृष्टीने जग म्हणजे पत्त्यांची एक लांबलचक रांग असते. काही पत्त्यांवर मेमरी असते, काहींवर एखादे उपकरण असते, आणि पुष्कळसे पत्ते रिकामे असतात. कार्यप्रणाली सुरू होताना ड्रायव्हर आपापल्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो: आत कोणी आहे का, असल्यास कोण, आणि तुमची क्षमता किती? या ठोठावण्याला आमच्या धंद्यात ‘प्रोब’ म्हणतात. मराठीत मी त्याला चाचपणी म्हणतो, कारण अंधारात हात पुढे करून वस्तू ओळखण्यासारखेच ते काम आहे.

यातली मेख अशी, की रिकाम्या घराचे दार ठोठावले तरी काहीतरी ऐकू येतेच. विजेच्या तारांना ‘काही नाही’ असे म्हणता येत नाही. त्यांच्यावर शून्य किंवा एक यांपैकी काहीतरी वाचले जातेच. जुन्या संगणकांत रिकाम्या पत्त्यावरून वाचले, की बहुधा सर्व बिट ‘एक’ येत. पुढे १९९२ साली पीसीआय ही बस आली, तेव्हा या सवयीलाच नियमाचे रूप मिळाले. निर्मात्याचा क्रमांक सर्व ‘एक’ आला, तर त्या जागी उपकरण नाही असे समजावे, आणि म्हणून तो क्रमांक कोणत्याही निर्मात्याला द्यायचाच नाही. म्हणजे नकारासाठी एक शब्द मुद्दाम राखून ठेवला गेला.

त्याआधीचा काळ अधिक धाडसाचा होता. कार्डे स्वतःची ओळख सांगत नसत, म्हणून ड्रायव्हर अंदाजाने पत्ते चाचपत. संगणक सुरू होताना बायोस मेमरीचा एक पट्टा दोन-दोन किलोबाइटांच्या पावलांनी तपासत जाई आणि ‘५५’ व ‘एए’ ही जोडखूण दिसली, तरच तिथे कार्डाचा रॉम आहे असे मानी. नेटवर्क कार्ड शोधणाऱ्या ड्रायव्हरने भलत्याच कार्डाच्या पत्त्याला हात लावला, की ते बिचारे कार्ड गोंधळून सारी यंत्रणाच ठप्प करी. म्हणून लिनक्समध्ये अमुक पत्त्यांना चाचपणी करताना शिवू नका, असे आधीच बजावून ठेवण्याची सोय करावी लागली. विचारण्यानेसुद्धा इजा होऊ शकते, हा त्या काळाचा धडा. तो मला पुस्तकातून माहीत होता. अनुभवाने मात्र नव्हता.

आता ओरत्तनाडु. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. कावेरीच्या जुन्या, सुपीक त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिणेस, १९३४ साली मेट्टूर धरण पुरे झाले त्या सुमारास कल्लणैपासून काढलेल्या कालव्याचे पाणी या भागाला मिळू लागले. परंपरेने १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडायचे आणि २८ जानेवारीला बंद करायचे; मधल्या दिवसांवर भाताची सारी गणिते. कालव्याच्या शेपटीकडच्या शेतकऱ्याला पाणी कधी, किती आणि किती दिवस पोहोचले, हा प्रश्न इथे निव्वळ आकडेवारीचा नसतो. त्यावर कर्ज फिटणे किंवा न फिटणे अवलंबून असते.

या भागात एका उपफाट्यावर पाण्याची पातळी मोजणारी काही छोटी यंत्रे बसवली होती. सौरपट्टी, बॅटरी, एक एआरएम प्रक्रियक, त्यावर लिनक्स आणि नोंदी साठवण्यासाठी वेगळी मेमरी चिप. मुख्य वीज गेली तरी नाण्याएवढ्या बॅटरीवर या चिपमधील मजकूर टिकून राही. तिचा ड्रायव्हर माझा. काही यंत्रांत छोटी चिप होती, काहींत मोठी. म्हणून चिप केवढी आहे हे ड्रायव्हरने स्वतःच चाचपून ठरवावे, अशी हुशारी मी केली होती.

नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस लागला, चार-पाच दिवस ऊन पडले नाही, आणि तिथून तक्रार आली: एका यंत्रातील अकरा दिवसांच्या नोंदी नाहीशा झाल्या आहेत. चिप शाबूत, यंत्र चालू, परंतु वही कोरी. नेमके त्याच अकरा दिवसांत शेपटीकडच्या शेतांना पाणी पोहोचले की नाही, यावरून वाद सुरू होता.

पुण्यात माझ्या मेजावर तेच यंत्र शंभर वेळा बंद-चालू केले. एकदाही चूक झाली नाही. आमच्या व्यवसायात ‘माझ्याकडे तर चालते’ हे वाक्य फार बदनाम आहे, आणि तरीही मी ते उच्चारले. मग निमूटपणे पिशवीत ऑसिलोस्कोप भरून तंजावर गाठले.

तंजावरला एका घरातील वरची खोली भाड्याने मिळाली. घरच्या वृद्ध बाई दोन दिवस माझ्याशी खुणांनी आणि चार-दोन इंग्रजी शब्दांनी बोलत होत्या, मीही तसाच. मी इथे मराठीचा एक शब्दही उच्चारला नव्हता, कारण इथे कोण ऐकणार? तिसऱ्या दिवशी सकाळी फोनवर पत्नीशी बोलून जिना उतरलो, तर त्या म्हणाल्या, “कॉफी घेता का? थंड होते आहे.” स्वर तमिळ वळणाचा, शब्द मात्र मराठी. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे. मी थक्क होऊन विचारले, “आजी, तुम्ही आधी का नाही बोललात?” त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही विचारलं नाहीत.”

ज्या शहरातील बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ सालचा भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरलेला आहे, जिथे १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी पुस्तक छापले गेले, तिथे मी मराठी नाही असे गृहीत धरून बसलो होतो. तेव्हा मला केवळ ओशाळल्यासारखे झाले. आपल्या ड्रायव्हरचा दोषही याच जातीचा आहे, हे कळायला आणखी दोन दिवस जायचे होते.

ओरत्तनाडुला यंत्राच्या पेटीपाशी बसून मी पहिली गोष्ट केली ती सर्वांसारखीच: ड्रायव्हरमध्ये ठिकठिकाणी संदेश छापण्याच्या ओळी घातल्या आणि सिरियल तार जोडली. चूक तत्काळ नाहीशी झाली. ओळी काढल्या, तार काढली, बॅटरी थोडी उतरू दिली, की पुन्हा हजर. निरीक्षण करू लागताच पळून जाणाऱ्या या चुका ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीच्या असतात. पण पळण्यालाही कारण असते. सिरियल तारेचा वेग १,१५,२०० बॉड असेल, तर ऐंशी अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. प्रक्रियकाच्या हिशेबात हा एक युगच. पुण्यात माझ्या यंत्राला तार कायम जोडलेली असे आणि ते सुरू होताना शेकडो ओळी ओकत असे. शेतातले यंत्र मात्र मूकपणे, म्हणजेच कितीतरी वेगाने सुरू होई. माझी प्रयोगशाळा मला चूक दाखवत नव्हती, कारण तिथे यंत्राला नकळत दम खायला वेळ मिळत होता.

मग संदेश छापणे सोडले. ड्रायव्हरने आपल्या खुणा मुख्य मेमरीतच साठवाव्यात आणि सारे स्थिरावल्यावर मी त्या वाचाव्यात, अशी व्यवस्था केली. ऑसिलोस्कोपचे एक टोक चिपच्या निवड-तारेवर आणि दुसरे तिच्या वीजपुरवठ्यावर लावले. बॅटरी अशक्त केली, यंत्र चालू केले. पडद्यावर दोन रेषा उमटल्या, आणि सारा उलगडा त्या दोन रेषांत होता. माझा ड्रायव्हर चिपला हाका मारत होता, तेव्हा चिपला वीजच मिळालेली नव्हती. ती काही मिलिसेकंदांनी मागाहून आली.

चिपची वीज एका वेगळ्या नियामकाकडून येत होती. त्याचा ड्रायव्हर आधी जागा होणे आवश्यक होते. बॅटरी भरलेली असताना तो वेळेवर जागा होई; बॅटरी उतरलेली असताना नियामकाची चिप पहिल्या हाकेला ओ देत नसे, आणि कार्यप्रणाली पुढच्या कामाकडे, म्हणजे माझ्या ड्रायव्हरकडे वळे. ढगाळ पहाटे नेमके हेच घडत होते.

इथपर्यंत ठीक. वीज नव्हती, तर चाचपणी अपयशी व्हायला हवी होती, आणि ड्रायव्हरने ‘चिप सापडली नाही’ एवढे म्हणून थांबायला हवे होते. तसे का झाले नाही? याचे उत्तर माझ्या हुशारीत दडले होते.

मी पहिल्या पत्त्यावर एक आकडा लिहीत होतो आणि लगेच तोच वाचत होतो. लिहिलेले परत मिळाले, म्हणजे मेमरी आहे. पण बसच्या तारा म्हणजे एका परीने इवलेसे विद्युतसंचयकच. त्यांच्यावर शेवटचा आकडा क्षणभर रेंगाळतो. पलीकडे कोणीही नसताना मला माझाच प्रतिध्वनी ऐकू येत होता आणि मी त्याला उत्तर समजत होतो. यावरचा उपाय जुन्या जाणत्यांना ठाऊक आहे: लिहिणे आणि वाचणे यांच्यामध्ये एखादा वेगळाच आकडा तारांवर पाठवायचा, म्हणजे प्रतिध्वनी पुसला जातो. मी ती पायरी अनावश्यक म्हणून गाळली होती.

पुढची पायरी आकार ठरवण्याची. चिप लहान असेल, तर तिच्या मर्यादेपलीकडचा पत्ता गुंडाळून पुन्हा आरंभी येतो. म्हणून आरंभी एक आकडा लिहायचा, २५६ किलोबाइटांवर दुसरा लिहायचा आणि आरंभी परत येऊन वाचायचे. पहिला आकडा तसाच असेल, तर चिप त्याहून मोठी. दुसरा दिसला, तर पत्ता गुंडाळला गेला, म्हणजे चिप तेवढीच. वीज नसलेल्या चिपपाशी तारांवर अर्थातच दुसरा, म्हणजे शेवटचा आकडा रेंगाळत होता. ड्रायव्हरने निष्कर्ष काढला: चिप २५६ किलोबाइटांची आहे. प्रत्यक्षात ती १ मेगाबाइटची होती.

आणि मग अखेरचा घाव. नोंदवहीची अनुक्रमणिका मी चिपच्या शेवटच्या भागात ठेवली होती. काही सेकंदांनी पहिली नोंद लिहिण्याची वेळ आली, तोवर चिपला वीज मिळाली होती. ड्रायव्हरने आपल्या समजुतीतील ‘शेवट’ उघडून पाहिला. तिथे अनुक्रमणिका नव्हती, असणे शक्यच नव्हते. त्याने ठरवले की ही चिप नवी, कोरी आहे. मग कर्तव्यदक्षपणे ती पुसून, आखून घेऊन, पहिल्या पानापासून लिहायला सुरुवात केली.

अकरा दिवसांच्या नोंदी कोणा वादळाने किंवा विजेच्या लोळाने नेल्या नव्हत्या. तीन अंदाज एकावर एक रचून माझ्या ड्रायव्हरनेच त्या पुसल्या होत्या. त्याला खरे तर काहीच माहीत नव्हते, पण ‘मला माहीत नाही’ असे म्हणण्याची जागाच मी त्याच्या रचनेत ठेवली नव्हती. ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच दोन उत्तरे मी त्याला शिकवली होती.

त्या संध्याकाळी मनाने फार खचलो होतो. गावातील मुक्तांबाळ छत्रापाशी बराच वेळ बसून राहिलो. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी आपल्या प्रेयसीच्या नावाने उभारलेले हे अन्नछत्र. वाटसरूंना अन्न देणाऱ्या या वास्तूत विद्यार्थ्यांना शिकवण्याचीही सोय होती. दोन शतकांपूर्वी नवी शास्त्रे शिकवण्याची हौस असलेल्या राजाच्या दारात बसून, आपल्या शास्त्राने एका शेतकऱ्याची वही कशी कोरी केली, याचा मी विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी कालव्यावर गेलो. फाट्याच्या दाराशी राहणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यांना, माझ्या तमिळ सहकाऱ्याच्या मदतीने, झाला प्रकार सांगितला. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन एक शाळकरी वही घेऊन आले. फाट्याच्या भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवरची पाण्याची खूण ते रोज सकाळी लिहून ठेवत. यंत्र बसवले, तरी त्यांनी सवय सोडली नव्हती. आमचे हरवलेले अकरा दिवस त्या वहीत होते. म्हणजे खरे तर नऊ होते. उरलेल्या दोन दिवसांपुढे आडवी रेघ होती.

मी मागची, उन्हाळ्यातली पाने उलटली. कालवा कोरडा असे तेव्हा त्यांनी शून्य लिहिले होते. मी विचारले, “अय्या, इथे शून्य आणि इथे रेघ, असे का?” ते माझ्याकडे, एखाद्या लहान मुलाने भाबडा प्रश्न विचारावा तसे पाहत म्हणाले, “तंबी, शून्य म्हणजे पाणी नव्हते. रेघ म्हणजे मी पाहिले नाही. दोन दिवस तापाने पडून होतो.”

माझ्या ड्रायव्हरमध्ये नव्हती ती नेमकी हीच रेघ.

परतल्यावर मी चार दुरुस्त्या केल्या. पहिली: उपकरणांच्या वर्णनाची जी फाईल कार्यप्रणालीला दिली जाते, तिच्यात चिपची वीज कोणाकडून येते ते स्पष्ट लिहिले. तो नियामक तयार नसेल, तर ड्रायव्हरने ‘मला नंतर बोलवा’ असे सांगून परतावे. लिनक्समध्ये ही सोय २०१२ पासून, ३.४ या आवृत्तीपासून आहे. मीच ती वापरली नव्हती. दुसरी: आकार चाचपणे बंद. कोणत्या यंत्रात केवढी चिप आहे, हे आता त्याच वर्णनात लिहिलेले असते. जे सांगता येते ते विचारून का शोधायचे? तिसरी: चिपला हात लावण्यापूर्वी तिथला मजकूर बाजूला जपायचा, मध्ये वेगळा आकडा पाठवायचा आणि तपासणी संपताच मजकूर जागच्या जागी ठेवायचा. चौथी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: अनुक्रमणिका सापडली नाही, तर काहीही पुसायचे नाही. फक्त वाचण्यापुरते उघडायचे आणि मोठ्याने ओरडायचे.

या शेवटच्या तत्त्वाचे एक प्रसिद्ध उदाहरण मंगळावर आहे. जानेवारी २००४ मध्ये नासाचे ‘स्पिरिट’ हे फिरते यान तिथे उतरून थोडेच दिवस झाले होते, तोच ते पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागले. त्याच्या फ्लॅश मेमरीत फाईलींची गर्दी झाली होती. सुरू होताना ती मेमरी जोडून घेण्याच्या प्रयत्नात मुख्य मेमरी अपुरी पडे, आणि यान पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. अभियंत्यांनी कोट्यवधी किलोमीटरांवरून त्याला काय सांगितले असेल? फ्लॅशला हात न लावता जागा हो. यान स्थिरावल्यावर मग सावकाश तिची तपासणी झाली. आज्ञा साधी होती. पण ‘त्या मेमरीशिवायही जागे होता येते’ हा मार्ग रचनेत आधीपासून ठेवलेला होता, म्हणून यान वाचले.

मित्रहो, आपल्या देशात आता प्रक्रियक घडू लागले आहेत, आणि त्यांच्याभोवती नवी यंत्रे उभी राहतील: कालव्यांवर, रुग्णालयांत, रेल्वेत, अंतराळात. त्यांच्यासाठी हजारो ड्रायव्हर लिहावे लागतील, आणि ते लिहिणाऱ्यांत आपली मुलेमुलीही असतील. त्यांना माझे एवढेच सांगणे, की वेग, आकार आणि हुशारी यांच्या आधी आपल्या रचनेत अज्ञानाला एक जागा द्या. आणि यंत्र घडवणाऱ्यांना विनंती, की कोणती तार कुठून येते आणि कोण कोणाच्या आधी जागे व्हायला हवे, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवा. तेवढ्या चार ओळींअभावी एखाद्याला पिशवीत ऑसिलोस्कोप घालून हजार किलोमीटरांहून अधिक जावे लागते, आणि तरीही गेलेले परत येत नाही.

वृद्ध शेतकऱ्यांच्या वहीतील नऊ नोंदी त्यांच्या अनुमतीने आम्ही यंत्राच्या नोंदींत भरल्या, त्या हाताने घेतलेल्या आहेत अशा खुणेसह. उरलेल्या दोन दिवसांच्या रकान्यात काय भरावे, असे सहकाऱ्याने विचारले. आलेख तुटक दिसेल, मागच्या-पुढच्या दिवसांवरून सरासरी काढू का, असेही त्याने सुचवले.

मी म्हणालो, रेघ मारा.